कडेला मोजलेली जाडी

दि. १२ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे आता परवानगी देत नाहीत, तेव्हा नुसतेच हात जोडून. तू, वहिनी आणि दोघी मुली खुशाल असाल. इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक, आणि बाबा बाबांसारखे.

एवढं जाडजूड पाकीट बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, कुणीही गेलेलं नाही. वर्षाकाठी तुझं एक कार्ड येतं, माझं एक जातं, हा आपला रिवाज मला माहीत आहे. फोन करणार होते. पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस, मग मी हवापाण्यावर येते, आणि तुमच्याकडे थंडी आहे का एवढं विचारून ठेवून देते. एकतीस वर्षांत आपण दोघांनी थंडीवर जेवढं बोलून घेतलंय तेवढं वेधशाळेनेही घेतलं नसेल.

कामाचं विचारायचं आहे. घड्याळजींचा मुलगा (ते स्वतः आता दुकानात येत नाहीत, डोळे गेले) परवा एक जुनं खिशातलं घड्याळ घेऊन आला. आतलं यंत्र ठणठणीत, वरची डबी कुणीतरी कधीच वितळवून खाल्लेली. चांदीची नवी डबी हवी, हाताने केलेली, मागचं झाकण बिजागरीचं. तो म्हणाला, “आत्या, आता असलं काम करणारं तुमच्याशिवाय कोण आहे?” मी म्हटलं, “अरे, गोड बोलून भाव पाडू नकोस.” पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. अलीकडे माझ्याकडे येतात ती नुसती चेपलेली झाकणं. लोक घड्याळावर बसतात आणि मग माझ्याकडे येतात.

तर बिजागरी. पाच नळ्या, तीन डबीच्या कड्याला, दोन झाकणाला, मधून काडी. कडं छान झालं, झाकण छान झालं, पण नळ्या जोडायला झाळ देताना वितळलेली झाळ आत शिरते आणि नळी बुजते. दोनदा केलं, दोनदा बुजली. तुझ्या बिजागऱ्या अशा बसायच्या की नखालाही सांधा लागत नसे. तू काय करायचास ते कळव.

खोली तशीच आहे. खिडकीला आता जाळी लावलीय, उजेड जरा कमी येतो. दोन्ही बाक समोरासमोर आहेत; बाबांच्या बाकाच्या टोकाशी मी शिकत बसायचे, तो आता पूर्ण माझा. माझ्या बाकाखालचं चामडं, कानशीचा कीस झेलणारं, गेल्या वर्षी फाटलं तेव्हा तुझ्या बाकाचं काढून लावलं. रागावू नकोस. तुझ्या बाकावर मी बाबांच्या औषधांचा डबा ठेवते, बाकी काही नाही.

तुझ्या लिफ्टच्या बटणांचं कसं चाललंय? आमच्या दवाखान्यात नवी लिफ्ट आली. चौथ्या मजल्याचं बटण दाबताना मी दर वेळी वाकून त्याची कडा बघते, तुमच्याच कारखान्यातलं असेल का म्हणून. मागे लोक खोळंबतात. एका बाईने विचारलं, “दिसत नाही का हो तुम्हाला?” मी म्हटलं, “दिसतं, म्हणूनच तर.”

बाबांचं विसरणं वाढलंय. चहा झाला की नाही ते तीनदा विचारतात. हात मात्र काही विसरले नाहीत. पत्र्याचा तुकडा दिला की दोन बोटांत धरून जाडी सांगतात, आणि मी कॅलिपर लावून बघते तर बरोबर. परवा जेवताना म्हणाले, “थोरला जेवला का?” मी म्हटलं, “जेवला.” खोटं नव्हतं, तू कुठेतरी जेवलाच असशील.

बिजागरीचं तेवढं लवकर कळव.

तुझी,
टिचकी


दि. २ मार्च

ती. दादास,

तुझं कार्ड पोचलं. ‘काडीला पेन्सिल घास. मऊ.’ बस्स. चार शब्द, त्यांतही एक नंतर आठवून लिहिलेला. खाली सहीसुद्धा नाही. वहिनी तुझ्याशी संसार कसा करते, देव जाणे.

पोलादी काडीवर मऊ पेन्सिल घासली, ती नळ्यांतून ओवली आणि झाळ दिली. पेन्सिलीला झाळ चिकटत नाही. काडी लोण्यातून निघावी तशी निघाली. झाकण बसलं. मी नखाने टिचकी मारली, आणि आवाज असा आला की आतल्या खोलीतून बाबा ओरडले, “हां! आता बंद झालं!”

आता खरं सांगू? मला हे माहीत होतं. तूच शिकवलं होतंस, मी सोळा वर्षांची असताना, माझ्याच शाळेच्या पेन्सिलीने. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं, नळी एकदाही बुजली नव्हती. विचारायला काहीतरी हवं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड, तुला ठाऊकच आहे. पण ताक झालं मागून, आता भांडं पुढे करते.

ती जाड्या गिऱ्हाइकाची डबी.

तुला आठवत नसेल असं मी स्वतःला कैक वर्षं सांगितलं. घड्याळजी सांगत आले होते, गिऱ्हाईक म्हणतं, जेवलं की घड्याळ थांबतं. आपण सगळे केवढे हसलो! बाबासुद्धा हसले, म्हणाले, “मग एक वेळ उपाशी राहा म्हणावं.” घड्याळजी हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बाबांच्या बाकावर ठेवलं आणि मागच्या झाकणावर मधोमध अंगठा दाबला. टिकटिक थांबली. अंगठा उचलला, चालू झाली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. पोट भरलं की कोटाचा खिसा ताणला जात होता, झाकण आत दबत होतं आणि चाकाला टेकत होतं. झाकण पातळ होतं, दादा. मध्ये पातळ होतं.

बाबांनी झाकण उघडून आतला ठसा बघितला. जवाचा दाणा. तुझा. माझा ठसा तेव्हा नव्हताच, शिकणाऱ्याने वडीलधाऱ्याच्या ठशाखाली काम करायचं आणि चुकलं तर ठसेवाल्याने उत्तर द्यायचं, हा आपल्या घरचा कायदा. बाबांनी विचारलं, “हे तुझं?” तू ठसा बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस. मी हातात फडकं घेऊन उभी होते. तू म्हणालास, “हो, माझं.”

मी काम केलं होतं हे तुला माहीतच होतं. काय केलं होतं, ते माहीत नाही. ते आज लिहिते.

तू त्या दिवशी पत्रा आणायला गेला होतास. जाताना म्हणालास, मी आल्याशिवाय पॉलिशला हात लावू नकोस. मला कुठला दम! तू येशील तेव्हा आरशासारखं झाकण तुझ्यापुढे ठेवायचं होतं, तू तोंडात बोट घालायला हवं होतंस. झाकणाच्या मध्यावर एक ओरखडा होता. तो काढायला कानस लावली. ओरखडा गेला, कानशीचे दोन पडले. ते काढायला घासत बसले, घासत बसले, आणि शेवटी खरंच आरसा झाला. मग जाडी मोजली. आपला कॅलिपर जेमतेम कडेपर्यंत पोचायचा, मध्यापर्यंत त्याचे पाय जायचेच नाहीत. कडेला जाडी बरोबर होती. मध्ये अंगठा दाबून बघायचं असतं, बाबा शंभरदा सांगायचे. मी दाबला होता, दादा. झाकण दबलं होतं. मला कळलं होतं.

तू आलास, दमलेला, चेहरा उतरलेला. विचारलंस, “जाडी बघितलीस?” मी म्हटलं, “मोजली.” तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि ठसा उठवलास. माझ्यावर विश्वास ठेवून.

बाबा त्या दिवशी तुला काय बोलले ते मी लिहीत नाही. ज्याच्या बोटाला जाडी कळत नाही त्याने माझ्यासमोर बसू नये, आणि पुढचं. आठ दिवसांनी तू गेलास. मी दारात उभी होते. तू म्हणालास, “वेणी आता तुझी तू घाल.” आई गेल्यावर तू मला तारेच्या पिळाची वेणी घालायचास, घट्ट, दिवसभर न सुटणारी. मी केस कापून टाकले, अजून आखूडच ठेवते.

एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. वीस वर्षांची होते, घाबरले, असं म्हणून स्वतःला सोडून दिलं असतं. पण अजून एक आहे. तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी बाबा एकदा काम थांबवून म्हणाले, “थोरल्याचा हात असा नव्हता गं. कसं झालं असेल?” त्यांच्या हातात तेव्हा नवा ठसा होता, गोलात टिंब. माझ्यासाठी स्वतः घडवलेला. त्यांनी मला विचारलं होतं, दादा. सरळ माझ्याकडे बघून. मी म्हटलं, “काय माहीत.” मला तो ठसा हवा होता. बाक हवा होता. तू परत आलास तर मी पुन्हा फडकं घेऊन उभी राहीन, ही भीती होती. म्हणजे चूक मी घाबरून लपवली, पण तुला बाहेर ठेवलं ते पुरतं कळून सवरून.

इथे थांबून पाणी पिऊन आले.

आता मी बाबांना सांगितलंय. चार वेळा. चार वेळा का, तर ते विसरतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझा ठसा माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला. मी म्हटलं, झालं, उशिरा का होईना, झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठसा मलाच परत आणून दिला, “हा इथे कसा आला गं? सांभाळून ठेवत जा.” पुन्हा सांगितलं. त्या वेळी रडले. तिसऱ्यांदा म्हणाले, “मग तो हो का म्हणाला, गाढव?” चौथ्यांदा सगळं ऐकून चहा मागितला. माझ्यासाठी चार वेळा, त्यांच्यासाठी दर वेळी पहिल्यांदाच. कबूल केल्याचं समाधान म्हणतात ना, ते मला रात्रभराचंच मिळतं.

तू ये. त्यांना अजून तुझा चेहरा ओळखू येईल असं मला वाटतं. भिंतीवरचा फोटो दाखवला की बोट तुझ्यावर ठेवतात, माझ्यावर ठेवायला जरा वेळ लागतो. किती दिवस हे असं राहील ते डॉक्टरही सांगत नाहीत. आणि बाबांचं एक कारण झालं. मलाही तू हवा आहेस. समोरचा बाक बघून बघून माझी मान अवघडली आहे.

टिचकी


दि. २३ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचलं. या खेपेला सहा ओळी, म्हणजे तुझ्या हिशेबाने ग्रंथच. ‘झालं गेलं विसरून जा. अंगठा मीही दाबायला हवा होता. ठसा माझा, चूक माझी. बाबांना आता उगाच त्रास देऊ नकोस. त्यांनी समोर बसू नकोस म्हटलं होतं, मी बसणार नाही. तू सुखी राहा.’

मला असा राग आला की मी पत्र शेगडीत टाकणार होते. टाकलं नाही, तुझं अक्षर फार दिवसांनी बघत होते. पण काय रे, तुला काय वाटतं, तू मोठेपणा केलास? माझी चूक तू उचलून नेलीस आणि एकतीस वर्षं देत नाहीयेस. मला ती परत हवी आहे. माझ्या गोलातल्या टिंबाखाली लोकांनी एवढ्या डब्या नावाजल्या, आणि दर वेळी मला वाटायचं, याच्याखाली कुठेतरी जवाचा दाणा आहे. आणि तू मारे लिहितोस, ‘ठसा माझा, चूक माझी.’ बाबांचाच मुलगा शोभतोस. दोघे एकाच कांबेतून कापलेले, वाकायचं नाव नाही.

हे सगळं मी तुला पत्र आलं त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, याहून दुप्पट तिखट. ते फाडलं. कारण मंगळवारी जे झालं ते आधी सांगायला हवं.

मंगळवारी सकाळी माझ्या खिडकीसमोर कुणीतरी ट्रक लावला, बाकावर अंधार. तुझ्या बाकावर दारातला उजेड येतो, म्हणून मी औषधांचा डबा उचलला आणि तिथे बसले. त्या बाकावर मी आजवर कधी काम केलं नव्हतं, खरं सांगते. कड्याला कानस लावत होते. अंगात तुझा तो जुना खाकी एप्रन, केस आखूड, पाठ दाराकडे. बाबा आत आले. दारातच थांबले, मला त्यांच्या चपला ऐकू आल्या. मग म्हणाले, “थोरल्या.”

मी वळणार होते. पण त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, दादा. मला वळवेना.

म्हणाले, “तुला बाकावरून उठवलं, ते माझं चुकलं. ठसा तुझा होता, हात तुझा नव्हता. मला बोटांनी कळायला हवं होतं. रागात मी नुसता ठसा बघितला.”

हे त्यांना कुठून कळलं मी सांगू शकत नाही. मी चार वेळा सांगितलं त्यातलं काहीतरी तळाशी राहिलं असेल. की तेव्हापासूनच आत कुठेतरी होतं, आणि वरचं सगळं पुसलं गेल्यावर दिसायला लागलं? मला नाही माहीत. मी कानस हातात धरून बसले होते, समोरच्या माझ्या रिकाम्या बाकाकडे बघत. तिकडून तुला रोज काय दिसायचं ते पहिल्यांदा बघितलं. सगळं दिसतं रे तिथून. माझे हात, माझं तोंड, मी काय लपवतेय ते सगळं.

मग त्यांनी विचारलं, “घरी येशील ना?”

काय बोलणार होते मी? ‘बाबा, मी थोरला नाही, टिचकी आहे, थोरला येणार नाही म्हणतोय’? कानस खाली ठेवली आणि आवाज जड काढला. मी म्हटलं, “येतो, बाबा.”

त्यांनी खांदा थोपटला आणि गेले.

मला वाटलं, दुपारपर्यंत विसरतील. चहा विसरले, औषध विसरले, बुधवारी माझं नावही थोडा वेळ विसरले. हे विसरले नाहीत. बुधवारी सकाळी स्वतः दाढी केली, हनुवटीला दोन ठिकाणी कापून घेतलं, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली, दारात खुर्ची टाकून बसले. मी विचारलं, “कुठे निघालात?” म्हणाले, “मी कुठे निघतोय? थोरला यायचाय. येतो म्हणालाय.” गुरुवारी तेच. काल तेच. आज मी हे लिहितेय आणि इथून मला त्यांची पाठ दिसतेय. गल्लीत कुणाची पावलं वाजली की मान उचलतात, मग खाली घालतात, आणि मला सांगतात, “त्याचा शब्द आहे. तो शब्दाचा पक्का आहे.”

तेव्हा तू मला क्षमा करायची की नाही, बाबांनी काय म्हटलं होतं, कुणी कुणासमोर बसायचं, हे सगळं तू आल्यावर भांडू. मी भरपूर भांडेन, तयारी ठेवून ये. आत्ता एवढंच. एकदा तू माझ्यासाठी ‘हो’ म्हणालास आणि मी गप्प उभी राहिले. या वेळी मी तुझ्यासाठी ‘येतो’ म्हणाले आहे. तू माझ्यासारखा गप्प राहू नकोस.

तुझ्या नावाने शब्द देऊन बसलेली,
तुझी बहीण